गार्सिया द ऑर्टा : निजामशहाचा पोर्तुगीज वैद्य आणि त्याचा द्रव्यसंवाद

द्रव्यगुणाचा इतिहास अभ्यासताना आपण चरक-सुश्रुत-वाग्भटांपासून निघून निघंटुकारांकडे येतो आणि बहुधा भावमिश्रापाशी थांबतो. भावप्रकाश हा सोळाव्या शतकातील ग्रंथ. त्यात फिरंगरोगाचे वर्णन असून त्यावर द्वीपांतरवचा, म्हणजे चोपचिनी, सांगितली आहे, हे सर्व वैद्यबंधूंना ज्ञात आहे. त्याच शतकात, त्याच चोपचिनीविषयी, गोव्यात राहून एक ‘फिरंगी’ वैद्यही लिहीत होता. त्याचे नाव गार्सिया द ऑर्टा. आपल्याकडील वनौषधींवर युरोपीय भाषेत स्वानुभवाने लिहिलेला पहिला मोठा ग्रंथ त्याचा आहे. तरीही आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला क्वचितच स्थान मिळते.

ऑर्टाचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द विदे या सरहद्दीवरील गावी झाला. त्याचे आईवडील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हद्दपार केले तेव्हा ते पोर्तुगालात आले आणि १४९७ मध्ये तेथे सक्तीचे धर्मांतर झाले. अशा कुटुंबांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत आणि त्यांच्यावर कायम संशयाची नजर असे. सालामांका व अल्काला येथील विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेऊन तो १५२३ मध्ये मायदेशी परतला. पुढे लिस्बनला वैद्यकीचा परवाना, विद्यापीठात अध्यापन, राजा तिसरा जॉन याच्या दरबारी प्रवेश, असा त्याचा उत्कर्ष झाला. तथापि पोर्तुगालात धर्मसमीक्षण सभा (इन्क्विझिशन) स्थापन होण्याच्या हालचाली सुरू झाल्या होत्या. १५३४ मध्ये मार्टिम आफोन्सो द सोझा या सेनानीचा वैद्य म्हणून ऑर्टाने हिंदुस्थानचे जहाज पकडले. प्रवासाची हौस आणि मागे उरलेले भय यांपैकी कोणते कारण प्रबळ होते, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

सोझाबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावरील स्वाऱ्यांत हिंडला. नंतर गोव्यात स्थायिक होऊन त्याने वैद्यकी, औषधी द्रव्यांचा व्यापार आणि एक बाग असा संसार मांडला. मुंबईचे बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. तेथील त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येई, असे तो कौतुकाने सांगतो. ज्या मुंबईचा भाव आज चौरस फुटावर ठरतो, ती एका वैद्याच्या पट्ट्यात होती, ही मोठी गंमतच म्हणावयाची.

गोव्याचे गव्हर्नर व व्हाइसरॉय हे त्याचे रुग्ण होतेच. परंतु आपल्याला अधिक जवळचा आश्रयदाता म्हणजे अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा (राज्यकाल १५१० ते १५५३). ऑर्टा त्याच्या दरबारी वेळोवेळी जाई. निजामशहाने त्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकविली आणि त्याने निजामशहाला लॅटिन नावे शिकविली, असे तो स्वतः नमूद करतो. राजाने रुग्ण आणि अध्यापक या दोन्ही भूमिका एकदम कराव्यात, असे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच. या आश्रयातून आपल्याला बारा हजारांवर पारडाव (त्या वेळचे नाणे) मिळाले. दरवर्षी काही महिने येऊन राहिल्यास चाळीस हजार देण्याची तयारी होती, पण आपण ते नाकारले, असेही त्याने लिहिले आहे.

त्याचा ग्रंथ ‘कोलोकियुश’, म्हणजे हिंदुस्थानातील साध्या औषधी द्रव्यांविषयीचे संवाद, हा १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून प्रसिद्ध झाला. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. छपाईच्या चुका इतक्या की लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. ग्रंथ लॅटिनऐवजी पोर्तुगीजमध्ये आहे. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा कल्पित वैद्य प्राचीन ग्रंथांचे दाखले देऊन प्रश्न विचारतो आणि ऑर्टा गोव्यात पाहिलेले-हाताळलेले सांगून उत्तर देतो. ही गुरुशिष्यसंवादाची पद्धत आपल्या संहितांच्या वाचकास मुळीच परकी वाटत नाही. डायोस्कोरिडीस व गॅलेन यांचे मत प्रत्यक्षाशी जुळत नसेल, तर प्रत्यक्ष खरे मानावे, हा त्याचा आग्रह. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलण्याचे धैर्य झाले नसते, अशी कबुलीही तो देऊन टाकतो.

औषधी दुकानदारांनी या ग्रंथाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यातील मुख्य प्रश्न द्रव्याच्या ओळखीचा आहे. युरोपात विड्याचे पान आणि तमालपत्र एकच मानले जात असे. ऑर्टाने ती दोन भिन्न द्रव्ये असल्याचे दाखविले. बिब्ब्यासाठी त्याने येथलाच ‘बिबो’ हा शब्द दिला. त्याने ज्या नावाने निर्गुंडीचे वर्णन केले ते ‘नेगुंडो’ पुढे लिनियसच्या वनस्पतिशास्त्रीय नावात कायमचे बसले. हिरड्याच्या संवादात ‘आरेत्का’ म्हणजे हरीतकी, ‘आनुआले’ म्हणजे आवळा आणि ‘तिनेपाळा’ म्हणजे त्रिफळा ही नावे त्याने कानांनी टिपलेली दिसतात. मात्र येथेच त्याची मर्यादाही उघड होते. युरोपच्या पेठेतील पाच प्रकारचे ‘मायरोबलान’ हे पाच निरनिराळ्या वृक्षांचे, असे तो ठामपणे सांगतो. बाळहिरडा आणि पक्व हिरडा ही एकाच वृक्षाची दोन अवस्थांतील फळे, हे आपल्याकडील काष्ठौषधी विकणारा मुलगाही सांगेल. किनाऱ्यावर बसून माल पाहणाऱ्यास जंगल दिसत नाही, एवढेच याचे कारण.

यवतमाळकरांना एक गोष्ट विशेष वाटेल. त्या काळी आपला हा प्रदेश वऱ्हाडच्या इमादशाहीत होता. बोरावरील संवादात, फळ बाजूला ठेवून, ऑर्टा दख्खनच्या राजांच्या नावांची चर्चा करतो आणि तेथे वऱ्हाडचा इमाद-उल-मुल्क ‘माद्रेमालुको’ या मोडक्या रूपात भेटतो.

हिंगाचा किस्साही सांगण्यासारखा आहे. विजयनगरला एका पोर्तुगीजाजवळ विकावयाचा उमदा घोडा होता. पण त्याला वाताचा विकार असल्याने राजा घेईना. हिंग खाऊ घातल्यावर घोडा बरा झाला. राजाने विचारले, काय दिलेस? हिंग, असे उत्तर येताच राजा म्हणाला, यात नवल ते काय, ते तर देवांचे अन्न. वातानुलोमनाचा हा पुरावा अश्ववैद्यकातला असला तरी चालण्यासारखा आहे.

येथील वैद्यांविषयी ऑर्टाचे मत एकेरी नाही. ते शास्त्रापेक्षा रूढी व अनुभव यांवर चिकित्सा करतात आणि त्यांना शारीर ठाऊक नाही, अशी टीका तो करतो. पण अतिसारावर मलबारी वैद्यांच्या औषधांचा गुण तो मान्य करतो, स्वतः वापरून पाहतो. निशोत्तराच्या संवादात तर मालुपा नावाचा हिंदू वैद्य प्रत्यक्ष बोलतो. विसूचिकेचे त्याने केलेले वर्णन युरोपीयांच्या जुन्या वर्णनांपैकी गणले जाते आणि त्यात रोगाचे नाव आहे ‘मोर्शी’, आपली मोडशीच. मालुपाचा अपवाद सोडला तर बहुतेक माहिती देणारे वैद्य, दासी, व्यापारी ग्रंथात निनावी अथवा नावापुरतेच राहिले. याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते जुने लिखित पुरावे समोर ठेवता आले म्हणून. जे आपल्या वैद्यांनी तोंडीच ठेवले, त्याचा असा पुरावा कोठून आणणार?

१५६० मध्ये गोव्यातही धर्मसमीक्षण सभा आली. १५६७ च्या गोवा धर्मपरिषदेने ख्रिस्ती रुग्णांना हिंदू वैद्यांकडे जाण्यास मनाई केली. म्हणजे ज्यांच्याकडून ऑर्टा शिकला त्यांच्याकडे जाणे हाच अपराध ठरला. तो स्वतः १५६८ मध्ये मरण पावला. उच्चपदस्थांच्या ओळखीमुळे हयातीत त्याला हात लागला नसावा. त्याची बहीण कातारिना हिला मात्र लिस्बनमध्ये आधीच एकदा कैद भोगावी लागली होती, आणि ती भावाकडे गोव्यात आली होती. तिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपाखाली २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जिवंत जाळण्यात आले. मेलेल्या ऑर्टाविरुद्धही चौकशी चालली. मोशेचा धर्मच खरा असे तो म्हणत असे, अशी साक्ष त्याच्या मेहुण्याने दिली होती. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. तोपर्यंत क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेल्या त्याच्या लॅटिन संक्षेपाच्या अँटवर्प येथे १५६७, १५७४ आणि १५७९ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या.

चरित्राचा हा शेवटचा भाग सिल्व्हा कार्व्हालो या पोर्तुगीज संशोधकाने चौकशीची कागदपत्रे पाहून १९३४ मध्ये उजेडात आणला. म्हणूनच क्लेमेंट्स मार्कहॅमच्या १९१३ च्या इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेत तो सापडणार नाही. त्या भाषांतरातील हिरडा, निर्गुंडी-निंब आणि बोर हे संवाद तरी आपल्या वैद्यबंधूंनी निघंटु शेजारी ठेवून वाचावेत. दोन्हींतील नावे ताडून पाहताना चुका दोन्ही बाजूंना सापडतील.