सूट कोणाच्या खात्यावर?

व्यापारात कोणतीही सूट अधांतरी राहत नाही. ग्राहकाला दहा रुपये सोडले, तर ते कोणाच्या तरी नावे टाकावेच लागतात. मग तो दुकानदार असो, घाऊक व्यापारी असो वा कारखानदार. घराच्या मालमत्ता करावरील सवलतीलाही हाच नियम लागू आहे. बिलातील आकडा घटला की घरमालक समाधानी होतो. परंतु ती रक्कम शेवटी कोणाच्या नावे पडली, हे फारसे कोणी विचारीत नाही.

मालमत्ता कर महापालिकेचा. रस्ते, दिवाबत्ती, मलनिःसारण, शाळा, दवाखाने यांचा भार बऱ्याच अंशी त्यावर चालतो. मात्र या कराची चौकट राज्याच्या कायद्याने आखलेली असते. त्यामुळे सूट जाहीर करणारा एक आणि उत्पन्न सोडणारा दुसरा, अशी स्थिती सहज उद्भवते.

मुंबईचा हिशेब

मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी देण्याचे आश्वासन 2017 च्या महापालिका निवडणुकीत दिले गेले. 2019 मध्ये कायदा बदलला, तेव्हा केवळ सर्वसाधारण कर माफ झाला. मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर इत्यादी रकमा बिलात तशाच राहिल्या. संपूर्ण माफी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिचा लाभ 16 लाखांहून अधिक घरांना होईल आणि एकूण 462 कोटी रुपयांचे वार्षिक उत्पन्न सोडावे लागेल, असा अंदाज त्या वेळी मांडण्यात आला. त्यापैकी सुमारे 417 कोटी महापालिकेचे आणि 45 कोटी राज्याचे. म्हणजे माफीच्या प्रत्येक शंभर रुपयांतील नव्वद रुपये महापालिकेने सोडले आणि राज्याने दहा.

लहान घरात राहणाऱ्या कुटुंबाला या माफीने खरा दिलासा मिळाला, यात शंका नाही. तथापि ती केवळ निवासी जागेसाठी आहे. वरच्या मजल्यावरील घराचे बिल शून्य झाले, तरी खालच्या दुकानाचा कर चालूच राहतो. पुनर्विकासात घर 500 चौरस फुटांपुढे गेले की माफीही संपते. नव्या घराचे क्षेत्रफळ ठरविताना कुटुंबाने ही बाब लक्षात ठेवावी.

भरपाईचा धडा

राज्याने स्थानिक संस्थांचे उत्पन्न भरून देण्याची रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा स्थानिक संस्था कर, अर्थात एलबीटी, रद्द झाला. त्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी केलेले आंदोलन पेठांमध्ये अद्याप विस्मरणात गेलेले नाही. महापालिकांची तूट राज्याने भरून देण्याचे ठरविले आणि त्यासाठी शहरांतील खरेदीखतांच्या मुद्रांक शुल्कावर 1 टक्का अधिभारही लावला. एका दाराने गेलेला कर दुसऱ्या दाराने परतला, तो असा.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. त्या वेळी राज्याने भरपाईचा स्वतंत्र कायदा केला आणि 2016-17 हे आधारवर्ष धरून भरपाईत दरवर्षी 8 टक्के वाढ देण्याची हमी दिली. जकातीला अशी कायद्याची हमी लाभली. घरांच्या करमाफीत मात्र महापालिकेच्या वाट्याचे उत्पन्न तिनेच सोडले.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात याहून निराळी व्यवस्था आहे. मालक स्वतः राहत असलेल्या मुख्य घराच्या करपात्र मूल्यातून 7,000 डॉलर वगळले जातात आणि त्यामुळे स्थानिक संस्थांची होणारी तूट राज्याने भरून द्यावी, असे तेथील राज्यघटनेतच नमूद आहे. ही मर्यादा दशकानुदशके वाढलेली नाही. स्वतःच्या गल्ल्यातून द्यावयाचे असले की हात आखडतो, हेही त्यातून दिसते. तरीही लहान आणि निश्चित सूट ही मोठ्या परंतु अनिश्चित सुटीपेक्षा बरी.

पुण्याचा अनुभव

अनिश्चिततेची किंमत पुणेकरांनी मोजली आहे. मालक स्वतः राहत असलेल्या घरांना तेथे 1970 पासून 40 टक्के सवलत होती. महापालिकेचा हा ठराव राज्य शासनाने 2018 मध्ये रद्द केला. त्यानंतर अनेक घरांची सवलत गेली. काहींच्या हाती मागील वर्षांच्या फरकाची बिलेही पडली. अखेर एप्रिल 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा लागू केली. ज्यांची सवलत गेली होती, त्यांना ती परत मिळविण्यासाठी पीटी-3 अर्ज भरून, घरात आपण स्वतः राहतो याचे पुरावे जोडावे लागले. ज्या सवलतीवर विसंबून जवळजवळ अर्धशतक घरखर्चाचे गणित मांडले गेले, ती एका आदेशाने जाऊ शकते, हे त्या कुटुंबांना कळून चुकले.

आणखी एक पेच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर निश्चित करण्याची आणि वसुली राज्याच्या आर्थिक वाढीच्या प्रमाणात वाढविण्याची अट घातली. एका बाजूला माफीची मागणी आणि दुसऱ्या बाजूला वसुलीची अट, यांत महापालिका सापडते. माफी देऊन वसुलीही वाढवावयाची, तर भार उरलेल्या करदात्यांवर, म्हणजे मोठ्या घरांवर, दुकानांवर आणि गोदामांवर येण्याचा धोका राहतो. नाहीतर सेवांना कात्री लागते.

म्हणून नवी सवलत जाहीर झाली की तीन गोष्टी तपासाव्यात. तिला कायद्याचा आधार आहे की केवळ आदेशाचा? महापालिकेची तूट कोण, किती वर्षे भरून देणार? आणि त्यासाठी अन्य कोणता कर वा शुल्क वाढणार? ज्या सवलतीची उत्तरे अर्थसंकल्पात लिहिलेली असतात, तिच्यावर घराचे गणित मांडावे. ज्या सवलतीची उत्तरे केवळ भाषणात असतात, ती मिळेल तोवर घ्यावी, परंतु वहीत कायमची जमा धरू नये.