कुत्र्यांचा गोचीडताप

काशीचा कोतवाल म्हणून पूजिल्या जाणाऱ्या काळभैरवाचे वाहन कुत्रा होय. म्हणूनच वाराणसीत अनेक भाविक कुत्र्यांना श्रद्धेने खाऊ घालतात. परंतु खाऊनपिऊनही एखादा कुत्रा मलूल होतो, त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडतात. अशा वेळी दोष अन्नाचा नसून कानात वा बोटांच्या बेचक्यात चिकटलेल्या तपकिरी गोचिडीचा असू शकतो.

या गोचिडीच्या लाळेतून 'बाबेसिया' नावाचा एकपेशीय परजीवी कुत्र्याच्या रक्तात उतरतो. व्हिक्टर बाबेश यांनी १८८८ मध्ये रुमानियातील गुरांच्या रक्तात असा जीव पाहिला. १८९३ मध्ये स्मिथ व किलबोर्न या अमेरिकन संशोधकांनी गुरांतील हा रोग गोचिडी पसरवितात हे सिद्ध केले. भारतात १९१० मध्ये पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत व कोल्ह्यात याचीच 'गिब्सोनी' ही लहान जाती शोधली.

हा परजीवी राहतो केवळ तांबड्या रक्तपेशींत. मात्र त्याची झळ सर्व इंद्रियांस पोहोचते. पेशीत त्याची वाढ होऊन ती फुटते. शिवाय शरीराची संरक्षक यंत्रणा बाधित पेशींबरोबर निरोगी पेशीही नष्ट करते. या पेशी गाळणारी प्लीहा फुगते. प्राणवायू अपुरा पडल्याने यकृत दुबळे होते. त्यातच फुटलेल्या पेशींपासून बनणाऱ्या पित्तरंजकाचा भार वाढून कावीळ होते. मोकळे झालेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडांतून बाहेर पडू लागते व मूत्र गडद तांबूस दिसते. पुढे मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. बिंबाणू घटून रक्तस्राव संभवतो. काही रोग्यांत बाधित पेशी मेंदूच्या सूक्ष्म वाहिन्यांत साचून झटके येतात.

यास्तव ताप व फिकटपणा दिसताच रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा. परजीवीची जाती ओळखणेही आवश्यक असते, कारण मोठ्या जातीवर गुणकारी ठरणारे औषध गिब्सोनीवर पुरेसे पडत नाही.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. चिकटलेल्या गोचिडीतून परजीवी उतरण्यास सामान्यतः दोन-तीन दिवस लागतात. म्हणून कुत्र्याचे अंग रोज तपासावे, गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. ती बोटांनी चिरडू नये. मादी भिंतींच्या फटींत हजारो अंडी घालते, म्हणून त्या फटीही बुजवाव्यात. मुक्या प्राण्यास घास देणाऱ्या हाताने एवढी तपासणीही केली, तर त्या प्राण्याचे आयुष्य वाचू शकेल.