फिरतें घर पाणसळींत आणणारें यंत्र

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांत, तापीच्या कांठीं, सारंगखेडा येथें दत्तजयंतीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. एकमुखी दत्ताचें देवस्थान आणि घोड्यांचा बाजार यांमुळें तिची ख्याति दूरवर पसरलेली आहे. अशा यात्रांना माणसें बैलगाड्यांनीं येत व गाडीच्याच आश्रयानें रात्र काढीत, त्या काळीं मुक्कामाची जागा आली कीं गाडीवान दोन गोष्टी करी. एका बाजूचें चाक खोलगट जागीं आलें असेल तर त्याखालीं दगड किंवा फळी घेई. आणि मग जुवाखालीं लांकडी टेका देऊन बैल सोडी. पहिल्या क्रियेनें गाडीचा आडवा कल जाई, दुसरीनें उभा. हा क्रम उलटा करून चालत नसे, कारण बैल सुटल्यावर गाडी पुन्हां फळीवर चढविणार कोण?

मोटारीमागें जोडून नेण्याचें जें फिरतें घर, म्हणजे ट्रेलर कॅरॅव्हॅन, त्याची ठेवण या बाबतींत बैलगाडीहून निराळी नाहीं. चाकें पोटाखालीं, पुढें दांडी, आणि मोटार सोडली कीं दांडीखालीं टेका. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण आंखलें. त्यांत अशीं वाहनें आणि तीं उभीं करण्याचे तळ या दोहोंचाही विचार आहे. सातपुड्यांत १,१०० मीटरांहून अधिक उंचीवर असलेल्या तोरणमाळास, यशवंत तलावाच्या परिसरांत, एखाद्या कुटुंबानें असें घर नेलें तर पहिला प्रश्न देखाव्याचा नसतो, जमिनीच्या कलाचा असतो.

दोन अंशांचा कल डोळ्यांना फारसा दिसत नाहीं. परंतु दोन चाकांत दोन मीटर अंतर धरलें, तर एवढ्या कलानें एक चाक दुसऱ्याहून सात सेंटिमीटर खालीं जातें. झोपणाऱ्याचें डोकें पायांपेक्षां खालीं येतें, मोरींतील पाणी कोपऱ्यांत साचतें, दारें आपोआप उघडतात. गॅसवर चालणाऱ्या शीतकपाटाची गोष्ट याहून नाजूक आहे. बाल्झार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटेर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनीं १९२२ सालीं शोधून काढलेल्या या कपाटांत पंप नसतो. उष्णतेनें अमोनियाची वाफ निघते, ती थंड होऊन द्रवरूप होते, आणि तो द्रव केवळ स्वतःच्या भारानें नळ्यांतून उतरत राहतो. घर बराच वेळ कललेलें राहिलें तर द्रव मध्येंच अडतो, थंडावा थांबतो व तापणारी नळी कायमची बिघडूं शकते. विजेच्या काँप्रेसरवर चालणाऱ्या कपाटाला हें भय त्या मानानें कमी.

जुन्या पद्धतींत हें सर्व काम फळ्या, हातानें फिरवावयाचे जॅक आणि बुडबुड्याची पाणसळ यांनीं होई. नव्या व्यवस्थेंत घराच्या पुढील व मागील भागास विजेवर चालणारे पाय असतात, आणि त्यांवर एका पेटींतून हुकमत चालते. त्या पेटींत डोळ्यांना न दिसण्याइतका सूक्ष्म भार लवचिक पट्ट्यांवर टांगलेला असतो. घर कललें कीं गुरुत्वाकर्षणानें तो किंचित् सरकतो. त्या सरकण्यानें विजेच्या मापांत फरक पडतो, आणि त्यावरून उभा व आडवा कल काढला जातो. पाय जमिनीला टेकला हें पुष्कळ यंत्रें मोटरला लागणाऱ्या वाढत्या विद्युत्प्रवाहावरून ओळखतात. मात्र सपाट म्हणजे काय, हें यंत्राला प्रथम शिकवावें लागतें. घराच्या फरशीवर साधी पाणसळ ठेवून, तें अचूक करून, ती स्थिति शून्य म्हणून नोंदवावयाची असते. ही नोंद चुकली तर यंत्र दर मुक्कामीं तितक्याच अचूकपणें घर वांकडें उभें करील!

वापरण्याची रीत अशी. मोटार जोडलेली असतांनाच आडवा कल पाहावा. तो मोठा असेल तर खालच्या बाजूच्या चाकांखालीं फळ्या घालून गाडी त्यांवर चढवावी. मग चाकांना दोन्ही अंगांनीं पाचरी लावाव्या. हें झाल्यावांचून मोटार सोडूं नये. त्यानंतर दांडीचा जॅक उतरवून मोटार पुढें घ्यावी, घरांत कोणी नाहीं हें पाहावें, आणि मग कळ दाबावी. बॅटरी भरलेली हवी. ती उतरली असेल तर पाय मध्येंच थांबतात, आणि माणूस नाहक यंत्राला दोष देतो. कल फारच असेल तर कांहीं यंत्रें कामच नाकारतात. तो नकार शहाणपणाचा समजावा व जागा बदलावी.

खरा धोका कळ दाबल्यानंतरचा आहे. यंत्राला कल कळतो, माती कळत नाहीं. तापीकांठची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पाऊस पडतांच लोण्यासारखी होते. एका पायावर ५०० किलो भार आहे व त्याचा तळवा २० सेंटिमीटर लांब-रुंद आहे असें धरा. दर चौरस सेंटिमीटरला सव्वा किलो दाब पडतो. त्याच पायाखालीं ४५ सेंटिमीटर लांब-रुंद जाड फळी घातली कीं तो पाव किलोवर येतो. संध्याकाळीं कोरड्या काळ्या रानांत नीट उभें राहिलेलें घर रात्रींच्या सरीनंतर एका कोपऱ्यावर खचणें मुळींच अशक्य नाहीं, आणि त्या वेळीं मुलें आंत झोपलेलीं असतात. म्हणून फळी ही हौसेची वस्तु नव्हे. पाऊस पडून गेल्यावर पुन्हां कल तपासावा. तोही उजाडल्यावर, सर्वांना बाहेर काढून.

दुसरा धोका डोंगरउतारावरचा. सपाटी साधण्याच्या भरांत पाय घराला इतकें उचलूं शकतात कीं एका बाजूचीं चाकें अधांतरीं होतात. चाकें जमिनीवर नसलीं तर त्यांना लावलेल्या पाचरींचा उपयोग काय? सारें घर बारीक पायांवर उभें राहतें. हे पाय सरळ भार पेलतात, बाजूचा रेटा सोसण्यास ते कमकुवत असतात. घाटांतून येणारा वारा किंवा आंतल्या माणसांची हालचालदेखील तेथें धोक्याची. अशा जागीं यंत्राचा हुकूम थांबवून पाय वर घ्यावे व चाकांखालच्या फळ्या वाढवाव्या. कित्येक घरांना जे हलके पाय असतात, ते तर केवळ डुलणें थांबविण्यापुरते असतात. त्यांनीं घर उचलूं पाहणें म्हणजे छत्रीच्या दांड्यानें तुळई उचलण्यासारखें आहे.

निघतांना क्रम उलटा. कांहीं यंत्रें मोटार सोडतांनाची दांडीची उंची लक्षांत ठेवतात व कळ दाबतांच तेथें परत नेतात. ही सोय सोयिस्कर खरी, पण फळी मातींत रुतली असेल तर बोटभर फरक राहतोच. आधीं मोटार जोडावी व आंकडा बसल्याची खात्री करावी. मग पाय वर घ्यावे आणि प्रत्येक पाय खरोखर वर गेला कीं नाहीं हें घराभोंवतीं फिरून, वांकून, स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. दिवा लागला एवढ्यावर विसंबूं नये. पाचरी सर्वांत शेवटीं काढाव्या, आणि फळ्यांवरची काळी माती ओली असतांनाच खरवडून टाकावी, कारण वाळल्यावर ती निघत नाहीं.