मुखवट्यांच्या इटालियन नाट्याचें शिक्षण

फ्लामिनिओ स्काला या इटालियन नटानें इ. स. १६११ मध्यें व्हेनिस येथें ५० नाटकांचे आराखडे छापविले. त्यांत कथासार, पात्रें व प्रवेशक्रम आहेत, संवाद नाहींत. ते नट आयत्या वेळीं रचीत. अर्थात् केवळ आराखडा वाचून विद्यार्थ्यास ही विद्या साध्य होत नाहीं. मुखवट्यानें चेहरा झांकला म्हणजे कृपण पांतालोनेचा लोभ मान, कंबर व पावलें यांनींच दाखवावा लागतो. चामड्याचे मुखवटे घडविण्याची लुप्त कारागिरी पादुआच्या आमलेतो सार्तोरी यांनीं विसाव्या शतकांत उद्धरिली. ज्याक लकॉक यांनीं १९५६ सालीं पॅरिसांत काढलेल्या शाळेंत मुखवट्यांस शिक्षणाचें साधन केलें. कागद राखिला म्हणजे कला राखिली असें नव्हे, हें आम्ही संग्राहकांस नम्रपणें सुचवितों.