शेरघाटीचा दगड: उरलेला नमुना का जपायचा?

व्हिएन्नाच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये रत्नं आहेत, खनिजं आहेत, आणि उल्कांचं भलंमोठं दालनही आहे. संशोधन म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल, तर करड्या उल्कांपाशी थांबा.

२५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीला साधारण पाच किलोची उल्का पडली. व्हिएन्नाच्या खनिजसंग्रहाचे प्रमुख गुस्ताव चेरमाक यांनी १८७२ साली तिच्यात काचेसारखा एक पदार्थ ओळखला आणि त्याला 'मास्केलिनाइट' नाव दिलं. तो कसा बनला? उत्तर मिळायला जवळजवळ शतक लागलं: जबरदस्त आघाताच्या दाबाने.

मग १९८३. शेरघाटीच्याच जातीच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका उल्केतल्या काचेत वायू अडकलेले होते. त्यांचं प्रमाण व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळलं. म्हणजे हे दगड मंगळावरचे!

चेरमाकना हा प्रश्न विचारणंसुद्धा शक्य नव्हतं. तो पुढच्यांना विचारता आला, कारण दगड शिल्लक होता आणि त्याचं ठिकाण, तारीख नोंदलेली होती.

म्हणून प्रयोगाआधी चार गोष्टी करा. नमुन्याला क्रमांक द्या. ठिकाण आणि तारीख त्याच दिवशी लिहा. आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा, दळणं-विरघळवणं नंतर. आणि थोडा भाग कायम राखून ठेवा. लेबल नसलेला नमुना म्हणजे नुसता खडा.