आधी ब्रेक, मग इंजिन!

सुरुवातीलाच कबूल करते. मी कॉन्व्हेंटची. ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यात मी अजूनही गोंधळते. मराठी विभागासाठी लेख लिहितेय म्हटल्यावर आमच्या हॉस्टेलच्या खोलीत हशा पिकला. पण हा विषय इंग्रजीत सांगून मजाच येणार नाही. यातली सगळी माणसं मराठीत भांडली, मराठीत रुसली, आणि ती गाडीसुद्धा माझ्या मते मराठीतच खोकली! ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना धरा.

तर ही गोष्ट आहे रोह्यात वर्षानुवर्षं पडून असलेल्या एका गाडीची, आणि ती पेणला घरी कशी आली याची. आपल्यापैकी बऱ्याच जणांना (आणि दोन-तीन सरांनासुद्धा, नावं सांगत नाही) जुनी गाडी घ्यायची हौस आहे. त्यांना याचा उपयोग होईल.

कोणती ही गाडी?

माझा मामा पेणला गणपतीच्या कारखान्यात आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. गेल्या वर्षी गणपती झाले, मामाला जरा उसंत मिळाली आणि कोणीतरी सांगितलं, रोह्यात एका वाड्याच्या पडवीत ‘स्पोर्ट्स कार’ पडून आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं बघायला गेलो. वर गवताचे भारे, आत कोंबडी. भारे बाजूला केले तर निघाली दोन दरवाजांची स्टँडर्ड हेराल्ड, १९६७ सालची. १९९६ पासून जागची हललेली नाही.

आता खरं सांगायचं तर हेराल्ड ही स्पोर्ट्स कार नव्हे. ९४८ सीसीचं इंजिन, अश्वशक्ती पस्तीसच्या आसपास. पण स्पोर्ट्स कारची ती सख्खी बहीण नक्की आहे. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली आली. तिचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलॉत्ती यांनी ठरवलं. १९६२ साली याच गाडीची चासी आखूड करून त्यावर ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार बनली. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने हेराल्ड बनवली. अँबेसेडर आणि फियाटच्या त्या जमान्यात ही तिसरी गाडी म्हणजे कॉलेजकुमारांचं स्वप्न होतं म्हणे.

मेकॅनिकलवाल्यांसाठी खरी गंमत पुढे आहे. त्या काळात बहुतेक नव्या गाड्या एकसंध बॉडीच्या, म्हणजे मोनोकॉक होऊ लागल्या होत्या. हेराल्डला मात्र वेगळी चासी आहे आणि वरची बॉडी तुकड्यातुकड्यांत बोल्टने जोडलेली आहे. कारण काय, तर स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ साली प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतली. मग पूर्ण बॉडी बनवणार कोण? म्हणून तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी करून जोडायचं ठरलं. धंद्यातली अडचण डिझाईनमध्ये कशी उतरते याचं हे उदाहरण व्हायव्हाला नक्की सांगा. बॉनेट तर मडगार्डसकट पुढच्या बाजूला उघडतं. चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं.

माझी चूक

गाडी एका आजींच्या मालकीची. त्यांचे मिस्टर ती चालवत. ते गेल्यावर कोणी हातच लावला नाही. भंगारवाले येऊन गेले होते, पण आजींनी दिली नाही. मामाला म्हणाल्या, “तुम्ही चालवणार असाल तर न्या. तुकडे करायला देणार नाही. आणि एकदा मला दाखवायला आणा.” मामाने शब्द दिला.

मामा घरून बॅटरी आणि हत्यारं घेऊनच आला होता. रोह्यातल्या एका वयस्कर मेकॅनिकलाही बोलावलं. त्यांनी प्लग काढून सिलेंडरमध्ये ऑईल सोडलं आणि दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवलं. जाम नव्हतं! पॉइंट घासले, बाटलीतून ताजं पेट्रोल दिलं, सेल्फ मारला. तीन खोकले, पांढरा धूर, आणि इंजिन चालू! वाड्यातली पोरं टाळ्या पिटू लागली. मी म्हटलं, “मामा, चाळीसच तर किलोमीटर आहे. जाऊया चालवत!” मामाही भरीला पडला. मेकॅनिककाका तेवढे म्हणाले, “ताई, चालू झाली हे बघितलं. थांबते का ते कुठे बघितलंय?”

अंगणातच बघू म्हणून मामाने गिअर टाकला. दहा पावलांवर ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला! गाडी सरळ जाऊन पेंढ्याच्या ढिगात घुसली. लागलं कोणालाच नाही. पण रोहा-नागोठणे रस्त्यावर भिसे खिंड आहे. पेंढ्याऐवजी खिंडीचा उतार असता तर हा लेख माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी श्रद्धांजलीच्या पानावर लिहिला असता. पंचवीस वर्षांहून जास्त पडून असलेल्या गाडीचा ब्रेक न बघता निघायचा आग्रह मी, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने धरला होता. याची लाज अजून वाटते.

ब्रेक गेला का? ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ ऑईलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. उतारावर ब्रेक तापले की ऑईल उकळतं, वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणजे पास्कलचा नियम तिथेच संपला. शिवाय त्याच पाण्याने सिलेंडर आतून गंजतात आणि रबरी वॉशर आटतात. आमच्या गाडीचे वॉशर कडक शेंगदाण्यासारखे झाले होते. आणि या जुन्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच सर्किट. एक पाईप फुटला की चारही ब्रेक गेले. उरतो फक्त केबलवरचा हँडब्रेक.

कागद हे अर्धं इंजिन

गाडी शेवटी सपाट हौद्याच्या टेम्पोवर दोरखंडाने बांधून पेणला आली. आजी दारात उभ्या होत्या, पण टेम्पो हलला तशा आत निघून गेल्या. मामा घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

आणि टेम्पोच बरोबर होता, कारण ब्रेक सोडा, कागदसुद्धा नव्हते. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी संपतं, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं. ते संपलेली, विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे, मग ती कितीही देखणी असो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे लिहून ठेवा. पैसे देण्याआधी आरसी बुक बघा. चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर शोधून जुळवा, पेन्सिलने छाप काढून घ्या. नंबर जुळत नसतील तर हात जोडून परत या. मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, मग विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०, मुदतवाढीसाठी फॉर्म २५. शिवाय ग्रीन टॅक्स, विमा, पीयूसी. रायगडची एमएच-०६ ची कचेरी पेणलाच असल्यामुळे आमच्या फेऱ्या तरी पायी झाल्या.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ साली वेगळे ‘व्हिंटेज’ नियम केले. त्यात नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेलाच काढायची. मामाला तर ती घेऊन बाजारात जायचं होतं! म्हणून आम्ही साधी मुदतवाढच घेतली.

हिवाळ्यातलं काम

पुढचे काही महिने माझे बरेच रविवार या गाडीत गेले (दोन सबमिशनही गेली, पण तो वेगळा विषय). क्रम मेकॅनिककाकांनी घालून दिला होता आणि तो अगदी बरोबर होता. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग आणि टायर, मग चासी, आणि शेवटी इंजिन.

टायरवर आठवडा आणि वर्ष सांगणारा चार आकडी कोड असतो. तो तीन आकडी असेल तर टायर गेल्या शतकातला समजा आणि नक्षी कितीही छान दिसली तरी फेकून द्या. चासी हातोडीने ठोकून बघायची. ‘टण’ आवाज आला तर लोखंड शाबूत, ‘थप’ आला तर आत गंज. कोकणच्या पावसाने आणि खाऱ्या हवेने बॉडीला आधार देणारे बाजूचे हात खाल्ले होते. ते नवे करून वेल्ड केले. पेट्रोलच्या टाकीतून व्हार्निशसारखा चिकट काळा गाळ निघाला.

पेट्रोलची एक गंमत सांगते. ही गाडी १९९६ साली थांबली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. म्हणजे आजचं पेट्रोल या गाडीने कधी चाखलंच नव्हतं! शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला झिजण्यापासून वाचवायचा. तो गेल्यावर जुन्या बिडाच्या हेडमध्ये सीट झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटची फट कमी होते. म्हणून लेथवाल्याकडून कडक सीट बसवून घेतल्या आणि फट दहा थाऊला लावली. आता पेट्रोलमध्ये इथेनॉलही असतं. ते जुन्या रबराला खातं, म्हणून सगळे पाईप आणि पंपाचा पडदा बदलला.

खर्च किती झाला विचारू नका. गाडीच्या किमतीच्या दुप्पट, एवढंच सांगते. हे मासिक मामीच्या हाती लागू शकतं.

भिसे खिंड

एप्रिलमध्ये गाडी पास झाली. मे महिन्यात एका पहाटे आम्ही पेणहून निघालो. वडखळ, नागोठणे, भिसे खिंड, रोहा. वेग पंचेचाळीसच्या वर नाही. रिक्षावालेसुद्धा मागे टाकून वळून बघत होते.

खिंडीत एक गोष्ट जपावी लागते. हेराल्डच्या मागच्या चाकांना स्विंग ॲक्सल आहे. म्हणजे चाकं डिफरन्शियलजवळच्या सांध्याभोवती वरखाली झुलतात. वळणावर एकदम पाय काढला किंवा ब्रेक मारला की गाडीचा मागचा भाग उचलतो, बाहेरचं चाक आत वाकतं आणि पकड सुटते. आपल्याकडच्या लोकांना हे फारसं रुचलं नाही, म्हणून १९७२ साली आलेल्या स्टँडर्ड गॅझेलला साधा सरळ ॲक्सल दिला. आमचा नियम एकच होता, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

वाड्यासमोर हॉर्न वाजवला. आजी बाहेर आल्या. काही न बोलता त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, मग पदर खोचला आणि थेट पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. “खिंडीपर्यंत नेऊन आणा.”

आता ऊन तापलं होतं. खिंडीचा चढ अर्धा झाला आणि गाडी गचके देत बंद पडली. मी बॉनेट उघडून माझं ज्ञान पाजळायला लागले. स्पार्क आहे, कॉम्प्रेशन आहे, कदाचित कंडेन्सर, कदाचित कॉईल... आजी खिडकीतून म्हणाल्या, “अगं पोरी, पंपावर ओला फडका टाक. हे नेहमी तेच करायचे.”

टाकला. दहा मिनिटं थांबलो. एका सेल्फमध्ये चालू!

याला व्हेपर लॉक म्हणतात. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा पाईपमधला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की उत्कलनबिंदू उतरतो. त्यात इंजिनाची धग आणि मे महिना. पेट्रोलची पाईपमध्येच वाफ होते, पंप नुसती वाफ ढकलत बसतो आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. ओल्या फडक्यातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि पंप गार होतो. थर्मोडायनॅमिक्समध्ये मला बऱ्यापैकी मार्क आहेत, पण फडका आजींना आठवला.

आजींना घरी सोडलं. उतरताना त्यांनी तो फडका पिळून, घडी करून माझ्या हातात दिला. “हा गाडीतच ठेव.” मग आम्ही संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघालो. दिवेलागणीला पेणला पोचलो, स्वतःच्या चाकांवर.

तर मित्रांनो, जुनी गाडी जरूर घ्या. पण ती चालू झाली म्हणून नाचू नका, थांबते का ते आधी बघा. कागद पूर्ण होईपर्यंत टेम्पोचं भाडं द्या, त्यात कमीपणा नाही. आणि ज्यांच्याकडून गाडी घ्याल त्यांच्याकडे तासभर बसून गप्पा मारा. कारण सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मी नंतर शोधलं, ओल्या फडक्याचा उल्लेख कुठेही नाही.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी