आळस हे कारण आहे का?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण अन्वय-व्यतिरेक पाहिला. कारण असेल तर कार्य होतं, हा अन्वय. कारण नसेल तर कार्यही नाही, हा व्यतिरेक. आज उदाहरणाला धूर आणि अग्नी नकोत. आपल्याच मांडीचा स्नायू घेऊ.

जिना धावत चढलो, तर पहिल्या मिनिटाची शक्ती कुठून येते? स्नायूत ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो. फॉस्फोरिलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे कण सुटे करतं. त्यांतून प्राणवायूची वाट न पाहता ऊर्जा मिळते आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं.

आता हे विकर जन्मतःच नसेल तर? कोठार भरलेलं, पण किल्ली नाही. 1951 साली इंग्लंडमध्ये ब्रायन मॅकार्डल यांनी तीस वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. कोणताही स्नायू वापरला की आधी वेदना, मग अशक्तपणा आणि ताठरपणा. अगदी घास चावतानासुद्धा! श्रमानंतर रक्तात लॅक्टेट वाढायला हवं, ते वाढेना. नेमकं हेच विकर नाही, हे 1959 मध्ये कळलं. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं, तरच हा आजार होतो.

गंमत पाहा. हीच माणसं सावकाश चालत राहिली, तर साधारण आठ-दहा मिनिटांनी नाडी उतरते आणि तीच चाल सोपी वाटू लागते. याला ‘दुसरा दम’ म्हणतात. तोवर रक्तातून यकृताची साखर आणि चरबीतली आम्लं स्नायूपर्यंत पोचलेली असतात. पण जोरात धावणं, जड वजन उचलणं याला तेवढी सवड नसते. तिथं हट्ट केला, तर स्नायू आखडतो, त्याच्या पेशी फुटतात, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडांना धोका पोचतो.

आता तर्काकडे वळू. लॅक्टिक आम्लामुळेच स्नायू थकतो, असं आपण वर्षानुवर्षं ऐकलं. इथं तर ते आम्ल वाढतच नाही, आणि थकवा उलट लवकर येतो. कारण नाही, तरी कार्य आहे! नैयायिक याला व्यतिरेक-व्यभिचार म्हणतात. म्हणजे ‘आम्लामुळेच’ यातला ‘च’ गेला. पण निरोगी माणसात आम्लाचा काहीच वाटा नाही, असंही यावरून सिद्ध होत नाही, बरं का. तेवढी घाई नको.

घाईचंच बोलायचं, तर असं मूल शाळेच्या मैदानावर मागे पडतं, तेव्हा आपण काय म्हणतो? “आळशी आहे. मनावर घेतलं तर जमेल.” आम्हीही शिक्षकच, हे वाक्य आमच्याही तोंडून गेलेलं आहे. यातली चूक साधी आहे. कार्याला सगळी कारणसामग्री लागते; इच्छा हा तिच्यातला एक भाग. धावणं झालं नाही, एवढ्यावरून सामग्रीत काहीतरी उणं आहे इतकंच ठरतं. इच्छाच उणी आहे, हे ठरत नाही.

आणि इथं चुकीचं अनुमान केवळ परीक्षेत गुण घालवत नाही. “अजून जोर लाव” म्हटल्यावर ते मूल खरोखर जोर लावतं.